यंदाची ओवाळणी उसनी द्या

दोन वर्षांपूर्वी नागपुरात बर्डीवर दिवाळीच्या गर्दीत भावानं विचारलं, "ताई, यंदा भाऊबीजेला तुला काय घेऊ?" मी म्हटलं, साडी नको अन् पाकीटही नको. माझ्या नावानं एखाद्या बाईला तेवढ्या रकमेचं कर्ज दे. तो बघतच राहिला. सणासुदीला कर्जाचं नाव कोण काढतं!

माझ्या डोक्यात गोकुळपेठ बाजारातल्या आमच्या भाजीवाल्या मावशी होत्या. त्यांनी रोजच्या वसुलीवर पाच हजार उचलले होते. हातात पडले साडेचार हजार, अन् फेड रोज पन्नास रुपये, शंभर दिवस. ऐकायला दहा टक्के वाटतात. पण मुद्दल रोज फिटत जातं, मुदत जेमतेम सव्वातीन महिन्यांची. नीट मांडलं तर वर्षाचं व्याज ऐंशी टक्क्यांच्या घरात जातं. मी पैसे पुढे केले, तर म्हणाल्या, "तसेच नका देऊ बाई. उसने द्या, फेडून टाकीन मी." आणि फेडले. पोरांच्या फटाक्यांआधी फेडले.

ते "तसेच नका देऊ" माझ्या मनातून जात नाही. दिवाळीत आपण कामवाल्या ताईंना, वॉचमन भाऊंना मिठाई देतो, बोनस देतो. ते द्यायलाच हवं, ते त्यांच्या हक्काचं आहे. पण धंदा करणाऱ्या बाईला रास्त दरानं भांडवल मिळणं ही वेगळी गोष्ट आहे. १९७६ मध्ये बांगलादेशातल्या जोबरा गावात अर्थशास्त्राचे प्राध्यापक मुहम्मद युनूस यांनी ४२ जणांना मिळून फक्त ८५६ टका दिले होते, म्हणजे २७ डॉलर. बांबूची बसायची स्टुलं विणणाऱ्या बायका तेवढ्यासाठी व्यापाऱ्याच्या मुठीत होत्या. पुढे त्यातूनच गरिबांना छोटी कर्जं देणारी त्यांची ग्रामीण बँक उभी राहिली.

आपल्याकडे आता रिझर्व्ह बँकेकडे नोंदणी झालेले पी-टू-पी मंच आहेत, म्हणजे एका माणसाचे पैसे थेट दुसऱ्या माणसाला कर्जाऊ देता येतात असे ऑनलाइन मंच. त्यातला एखादा तर खास ग्रामीण अन् गरीब कर्जदारांसाठीच काम करतो. नियमानं एका माणसाला एका कर्जदाराला ५०,००० च्या वर देता येत नाही, मुदत जास्तीत जास्त ३६ महिने. आपल्याला तर दोन-पाच हजारच द्यायचे आहेत. मात्र पैसे बुडाले तर ते आपलेच बुडतात, मंच भरून देत नाही. मी स्वतः दिलेल्या एका कर्जाचे तीन हप्ते थकलेत, त्या बाईच्या घरी आजारपण आलं. म्हणून ओवाळणीएवढंच द्या, मुलांच्या फीचे पैसे यात घालू नका.

आणि एक कळकळीनं सांगते. मायक्रोफायनान्स, म्हणजे गरिबांना छोटी कर्जं, म्हटलं की सगळं चांगलंच, असं समजू नका. २०१० मध्ये आंध्रात एकेका घरावर तीन-तीन, चार-चार कर्जं चढली, वसुलीचा जाच झाला, आत्महत्या झाल्या. २०२२ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की अशा घराचे सगळे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाऊ नयेत. तुम्ही ज्यांच्यामार्फत देणार, त्यांना आधी विचारा: कर्जदार बाईला एकूण किती टक्के पडतात? हप्ता चुकला तर तुम्ही काय करता? उत्तर गुळमुळीत आलं तर तिथून उठा. कर्जानं गरिबी संपते, असंही मी म्हणणार नाही. भारतासह सहा देशांतल्या पाहण्या २०१५ मध्ये एकत्र छापून आल्या, त्यांत फायदा दिसला तो माफकच. पण रोजच्या वसुलीवाल्याच्या दारात जाणं टळलं, तर त्या बाईला त्याचं मोल किती, हे मी मावशींच्या तोंडावर पाहिलंय.

भावानं त्या वर्षी दोन हजार दिले. वर्धा जिल्ह्यातल्या एका बाईच्या शिलाई मशीनसाठी जमलेल्या रकमेत ते गेले. शेवटचा हप्ता मागच्या आठवड्यात आला. या खेपेला कर्जदारांची यादी वाचायला माझी भाची बसली होती. तिनं भंडाऱ्याकडच्या एका शेळ्यावाल्या बाईचं नाव निवडलं. तेच दोन हजार पुन्हा गेले, वर तिनं आपल्या खाऊच्या डब्यातले पाचशे घातले.