एक स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर: पेटीतल्या चिरा, भुसा आणि खचलेली माती

सलाम दादा,

तुमचा रिव्ह्यू वाचला. जुलैत वडील प्रभूत निजले तेव्हा शवपेटी आमच्याकडून नेलीत. आता कबरीवरची माती वीतभर खचली, म्हणून एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंय की खांद्यापाशी फळीला आतून चिरा होत्या, गादीखाली भुसा कोंबला होता, झाकणाला परदेशी पेट्यांसारखं रबर नव्हतं आणि सागवानाऐवजी आंबा लावून आम्ही दुःखातल्या माणसाला लुबाडलं. ज्याचे वडील नुकतेच गेलेत त्याच्याशी मला वाद घालायचा नाही. पण ही शंका मनात राहिली तर दर वेळी कबरीवर गेल्यावर तीच टोचणार, आणि तिच्यात तथ्य नाही. म्हणून सगळं उघड लिहितो. उद्या आणखी कुणाच्या घरी वेळ आली तर त्यांनाही उपयोग होईल.

आधी चिरांचं, कारण तुम्हाला सगळ्यात जास्त तेच लागलेलं दिसतंय. त्या करवतीने मुद्दाम मारलेल्या खाचा आहेत. आपली पेटी डोक्याकडे अरुंद, खांद्याला रुंद आणि पायाकडे निमुळती होत जाते, त्यामुळे बाजूची फळी खांद्यापाशी वळवावी लागते. तिथे दोन तुकडे जोडले तर जोड नेमका ताणाच्या जागी येतो. म्हणून फळी अखंड ठेवतात. आतल्या अंगाने जवळजवळ पाच-सहा खाचा मारायच्या, बाहेरच्या बाजूला सूत-दीड सूत लाकूड शिल्लक ठेवायचं, कढत पाणी ओतायचं आणि लाकूड नरम आलं की दोघांनी दोन टोकं धरून हळूहळू वळवायचं. वळता वळता खाचांची तोंडं मिटत जातात. मग त्यात सरस भरून, वाळेपर्यंत फळी शिकंजात धरून ठेवायची. खाच कमी पडली तर फळी वळत नाही, जास्त गेली तर बाहेरून तडकते आणि अख्खी फळी बाद होते. इंग्लंडातले पेटी करणारे सुतारही पिढ्यान् पिढ्या हेच करत आलेत. आतून ज्या रेघा उरतात त्या अस्तराखाली झाकलेल्या असतात. तुमचं अस्तर ठेवताना थोडं सरकलं असावं, म्हणून दिसल्या. बाहेरून ती फळी डोक्यापासून पायापर्यंत एकसंध होती.

आता लाकूड. बिलावर 'आंबा' असं लिहिलंय आणि भावही आंब्याचाच लावलाय. तुम्ही म्हणता पेटी हलकी लागली म्हणजे सागवान नव्हतं. पण वाळलेलं सागवान आणि वाळलेला आंबा वजनाला जवळपास सारखेच, घनमीटरला साधारण 650 ते 700 किलो. सागवानाचं मोल त्याच्या अंगच्या तेलामुळे आहे. वाळवी त्याला सहसा लागत नाही, म्हणून दारं-खिडक्या त्याच्या करतात. मातीत जाणाऱ्या पेटीला तो गुण कशाला हवा? तिने घरापासून कबरीपर्यंत माणसाला सन्मानाने न्यावं आणि मग मातीला मिळावं. कुणी हट्टाने मागितलं तर सागवानाची करून देतो, त्यात मला पैसेही जास्त सुटतात. पण घरात माणूस गेलेला असताना मी आपणहून ते कधीच गळ्यात मारत नाही. तुम्ही 'लुबाडलं' हा शब्द लिहिलात, म्हणून एवढं सांगावं लागतंय.

जिथे खरंच काटकसर करू नये ती जागा म्हणजे तळ. सगळं वजन तळावर असतं. तुमच्या पेटीच्या तळाला खालून आडव्या पट्ट्या आहेत आणि कड्या नट-बोल्टने फळीतून आरपार घेतल्यात. बाजारात पार्टिकल बोर्डच्या पेट्या मिळतात, वरून सनमायका, दिसायला चकाचक. ते बोर्ड भिजलं की फुगतं आणि स्क्रूची पकड सुटते. कोल्हापुरातल्या जुलैच्या पावसात चर्चपासून दफनभूमीपर्यंत ती खांद्यावरून न्यायची म्हणजे जीव मुठीत धरायचा. असल्या पेट्या मी ठेवत नाही.

भुसा रंध्याचा नव्हे, करवतीचा असतो, बारीक आणि चाळून वाळवलेला. देहातून ओल सुटते, ती शोषायला गादीखाली त्याचा थर देतात. मृतदेह एका देशातून दुसऱ्या देशात नेण्याबद्दल युरोपातल्या देशांचा 1973 चा स्ट्रासबर्ग करार आहे. त्यातही पेटीत शोषून घेणारा पदार्थ असलाच पाहिजे असं म्हटलंय. त्याच करारात बाहेर निदान 20 मिलिमीटर जाडीचं लाकूड आणि आत डाग देऊन बंद केलेली जस्ताची पेटी असा एक प्रकार दिलाय. हवाबंद पेटीची खरी गरज आहे ती अशा लांबच्या प्रवासाला.

तुम्ही व्हिडिओत पाहिल्यात त्या रबरवाल्या पेट्या अमेरिकेतल्या, पोलादी पत्र्याच्या. 20 गेज, 18 गेज असं सांगतात, आकडा लहान तितका पत्रा जाड. झाकणाला रबराची पट्टी आणि किल्लीने आवळायची सोय. पण अशी पेटी देह कायमचा टिकवते असं गिऱ्हाईकाला सांगायला तिकडच्या सरकारी नियमाने 1984 पासून बंदी आहे. हवा कोंडली म्हणून कुजणं थांबत नाही. हवेशिवाय जगणारे जंतू आपलं काम करतातच, आणि ओल बाहेर जायला वाट उरत नाही. शिवाय तिकडे बऱ्याच ठिकाणी खड्ड्यात आधी काँक्रीटची पेटी बसवतात, मातीचा भार ती घेते. आपल्याकडे माती थेट झाकणावर पडते.

माती खचली त्याचं कारणही हेच. ओली माती घनमीटरला दीड ते दोन टन भरते. सहा बाय दोनच्या झाकणावर साडेतीन-चार फूट माती म्हणजे दोन टनांच्या आसपास भार. तो कुठलंच लाकूड कायम पेलणार नाही, सागवानसुद्धा नाही. त्यात उकरून परत भरलेली माती पोकळ असते, पावसाचं पाणी मुरलं की ती बसते. म्हणूनच सुरुवातीला वर उंच ढीग करतात. वडिलांना काही झालेलं नाही दादा, माती आपल्या जागी बसतेय.

एकच विनंती. गवंड्याला बोलावून आत्ताच ग्रॅनाइट किंवा फरशी बसवू नका, सिमेंटला तडे जातील. पाळकसाहेबांना विचारून खचलेल्या जागी थोडा मुरूम भरून घ्या, पुढचा एक पावसाळा जाऊ द्या आणि मगच पक्कं बांधकाम करा. तोवर नावाचा लाकडी क्रूस हवा असेल तर निरोप द्या, मी करून देतो, त्याचे पैसे घेणार नाही. आणि सवडीने दुकानात या, खाचा मारलेली फळी वळवून दाखवतो.