विरळ की दुर्मिळ? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस कमी प्रमाणात छापल्या गेलेल्या सुपरहिरो कॉमिक्सवरील माझ्या लेखावर आपण म्हापशाहून सविस्तर प्रतिक्रिया पाठवलीत, त्याबद्दल मनापासून आभार. आपले आक्षेप तीन आहेत. ज्या अंकाच्या हजारो प्रती निघाल्या त्याला मी दुर्मिळ म्हटले, ही वाचकांची दिशाभूल आहे, हा पहिला. वितरकाकडे नोंदवलेल्या मागणीचे आकडे मी छपाईचे म्हणून दिले, हा दुसरा. आणि असे लेख वाचूनच आपल्या भाच्याने मार्व्हल या प्रकाशकाच्या ‘व्हॉट इफ’ मालिकेचा १०५ वा अंक अवाच्या सवा पैसे मोजून मागवला, हा तिसरा. यांतला दुसरा आक्षेप मला पूर्णपणे मान्य असल्यामुळे सुरुवात तिथूनच करतो.

मी दिलेले आकडे डायमंड या अमेरिकी वितरकाच्या मासिक यादीवरून अभ्यासकांनी काढलेले अंदाज होते. त्या काळच्या यादीत प्रतींची संख्या नसे. ‘बॅटमॅन’च्या अंकाची मागणी १०० धरून इतर अंकांची मागणी त्या प्रमाणात दिलेली असे, आणि एखाद्या अंकाचा खरा आकडा हाती आला की त्यावरून बाकीचे गणित मांडले जाई. म्हणजे तो आकडा फार तर कॉमिक्सच्या खास दुकानांनी आगाऊ नोंदवलेली मागणी सांगतो. वर्तमानपत्रांच्या स्टॉलवर गेलेल्या, टपालाने वर्गणीदारांना पाठवलेल्या आणि प्रकाशकाने शिलकीसाठी जास्त छापलेल्या प्रती त्यात धरलेल्याच नसतात. शिवाय मार्व्हलने १९९४ च्या अखेरीस हीरोज वर्ल्ड ही वितरण कंपनी विकत घेतली आणि १९९५ च्या मध्यापासून १९९७ मध्ये ती बंद पडेपर्यंत स्वतःचे अंक तिच्यामार्फतच दुकानांना दिले, त्यामुळे मधल्या काळातल्या डायमंडच्या याद्यांवरून मार्व्हलविषयी काही ठरवणे मुळातच चुकीचे आहे. ‘छापलेल्या प्रती’ हे शब्द मी तिथे वापरायला नको होते. लेखात दुरुस्ती केली आहे.

छपाईचा आकडा हवा असेल तर तो अंकातच शोधावा लागतो. नियतकालिकांसाठीच्या टपाल सवलतीचा लाभ घेणाऱ्या अमेरिकी प्रकाशकाला वर्षातून एकदा मालकी आणि खपाचे निवेदन छापावे लागते. पत्रव्यवहाराच्या पानावर कुठेतरी बारीक टाइपात ती चौकट असते आणि बहुतेक वाचक ती ओलांडून पुढे जातात. गेल्या १२ महिन्यांत दर अंकाच्या सरासरी किती प्रती छापल्या, किती वर्गणीदारांकडे गेल्या आणि किती परत आल्या, हे त्यात दिलेले असते. एखाद्या विशिष्ट अंकाचा आकडा त्यातून क्वचितच मिळतो. पण ते प्रकाशकाचे स्वतःचे निवेदन आहे, आणि माझ्या लेखातल्या आकड्यांपेक्षा त्याचे वजन निश्चितच जास्त आहे.

आता पहिल्या आक्षेपाकडे येतो. आपण लिहिता, “हजारो प्रती म्हणजे दुर्मिळ, तर मग विपुल कशाला म्हणायचे?” विपुल कशाला म्हणायचे याचे उत्तर सोपे आहे. १९९१ मध्ये ‘एक्स-मेन’च्या नव्या मालिकेचा पहिला अंक पाच मुखपृष्ठांसह निघाला आणि त्याच्या ८१ लाखांच्या आसपास प्रती दुकानदारांनी उचलल्या. पुढे भाव वाढेल या आशेने लोकांनी एकेका अंकाच्या पाच-पाच, दहा-दहा प्रती घेऊन पिशव्यांत जपून ठेवल्या, आणि सगळ्यांनीच जपल्यामुळे त्यांना आजही कोणी विचारत नाही. ही तेजी १९९३ नंतर ओसरली. हजारो दुकाने बंद पडली, आणि डिसेंबर १९९६ मध्ये तर मार्व्हलनेच दिवाळखोरीच्या संरक्षणासाठी अर्ज केला. खास दुकानांनी मागवलेला माल परत घेतला जात नाही. न खपलेली प्रत दुकानदाराच्याच गळ्यात पडते. तेजीत हात पोळलेला दुकानदार मग दोन महिने आधी मागणी नोंदवताना नेहमीच्या गिऱ्हाइकांची नावे बोटांवर मोजून तेवढ्याच प्रती मागवू लागला, आणि प्रकाशकही त्या मागणीला धरूनच छापू लागले. १९९८-९९ मध्ये एखाद्या साध्या महिन्यात सर्वाधिक मागणी असलेला अंकही दीड लाखाच्या आगेमागेच असे. दुय्यम मालिकांची मागणी त्याहून कितीतरी खाली होती.

‘व्हॉट इफ’ ही अशीच दुय्यम मालिका होती. ‘असे घडले असते तर’ या धर्तीच्या, मूळ कथानकाशी बांधिलकी नसलेल्या गोष्टी तिच्यात येत, आणि ती चुकली तरी कोणाचे काही अडत नसे. फेब्रुवारी १९९८ ही तारीख असलेल्या १०५ व्या अंकात टॉम डीफाल्को आणि रॉन फ्रेन्झ यांनी पीटर पार्करची, म्हणजे स्पायडर-मॅनची, मुलगी मे हिची गोष्ट सांगितली. अंक हातोहात संपला. त्याच वर्षी तिची स्वतंत्र ‘स्पायडर-गर्ल’ मालिका सुरू झाली, आणि बंद पडण्याच्या बेताला आल्यावर प्रत्येक वेळी वाचकांनी आग्रह धरून ती वाचवल्यामुळे १०० व्या अंकापर्यंत चालली. मागणी मागाहून आली. तोवर प्रती ठरून गेल्या होत्या.

तरीही त्या अंकाला मी ‘दुर्मिळ’ म्हणायला नको होते, आणि इथे आपली प्रतिक्रिया मला फार उपयोगी पडली. आपल्या भाषेत ‘विरळ’ आणि ‘दुर्मिळ’ असे दोन वेगळे शब्द आहेत. जे हवे तेव्हा मिळत नाही, पण वाट पाहिली तर मिळते, ते विरळ. ‘व्हॉट इफ’ १०५ विरळ आहे, आणि तोही मुख्यतः निर्दोष अवस्थेतला. जे पैसे हातात असूनही वर्षानुवर्षे समोर येत नाही, ते दुर्मिळ.

त्या काळातला खरा दुर्मिळ अंक सांगायचा तर डीसी या प्रकाशकाचा १९९९ मधला ‘एल्सवर्ल्ड्स ८०-पेज जायंट’. त्यात काइल बेकर यांची, तान्ह्या सुपरमॅनला सांभाळायला आलेल्या मुलीची एक विनोदी गोष्ट होती आणि तिच्या एका चित्रात ते बाळ मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये दिसते. छपाई झाल्यावर प्रकाशक पॉल लेव्हिट्झ यांनी अंक नष्ट करण्याचा आदेश दिला. अमेरिकेतला साठा दुकानात पोहोचण्याआधीच लगद्यात गेला. इंग्लंडकडे आधीच रवाना झालेल्या प्रती मात्र राहिल्या. पुढे त्याच गोष्टीला २००० मध्ये सर्वोत्कृष्ट लघुकथेचा आयझनर हा कॉमिक्स क्षेत्रातला पुरस्कार मिळाला आणि २००१ मध्ये ती दुसऱ्या संग्रहात छापली गेली. गोष्ट कोणालाही वाचता येते, पण मूळ अंक हाती लागत नाही. छपाईचा आकडा इथे काहीच सांगत नाही. याउलट १९९८ मधला ‘वुल्व्हरिन’ १३१ घ्या. अक्षरलेखनाच्या चुकीने त्यात ज्यूंना उद्देशून वापरला जाणारा अपशब्द छापला गेला, म्हणून मार्व्हलने तो परत मागवून सुधारून काढला. पण चूक लक्षात आली तोवर अंक दुकानांत पोहोचला होता. ‘परत मागवलेला अंक’ या बिरुदावर तो चढ्या भावाने विकणाऱ्यांपासून मात्र आपल्या भाच्याला जरूर सावध करा.

स्टॉलवरच्या प्रतींबद्दल मी एका परिच्छेदात आटोपले होते, त्यावर थोडे अधिक लिहितो, कारण गोव्यातल्या संग्राहकाला तो भाग जवळचा आहे. फोंड्याला आमच्या शेजारी एक तारवटी राहत. मालवाहू बोटीवरून रजेवर येताना ते बंदरातल्या स्टॉलवरची मासिके गुंडाळी करून आणीत, आणि त्या गुंडाळीतून मला ‘द अमेझिंग स्पायडर-मॅन’चा ४४१ वा अंक मिळाला. १९६३ पासून चालत आलेल्या पहिल्या मालिकेचा हा शेवटचा अंक, तारीख नोव्हेंबर १९९८. त्याच्या मुखपृष्ठावरच्या बारकोडजवळ ‘डायरेक्ट एडिशन’ हे शब्द नाहीत, नुसताच बारकोड आहे. खास दुकानातल्या प्रतीवर ते शब्द असतात. एवढ्या एका खुणेवरून प्रत कोणत्या वाटेने विकली गेली ते कळते. स्टॉलवरच्या न खपलेल्या प्रती परत घेतल्या जात आणि नष्ट होत. ज्या खपत त्या प्रवासात वाचून टाकल्या जात. त्या काळात स्टॉलवरचा खप आधीच घटत चालला होता, म्हणून तिथली धडधाकट प्रत हाती येणे कठीण.

माझी प्रत धडधाकट राहिली नाही. मी ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, तोंड चिकटपट्टीने बंद करून, भिंतीला लागून असलेल्या लाकडी कपाटात ठेवली. तिसऱ्या पावसाळ्यानंतर पिशवी उघडली तेव्हा वरून सगळे ठीक दिसत होते. मधले पान उघडले तर दोन्ही पिनांभोवती तांबूस कडे उमटले होते, आणि खालच्या पिनेपाशी कागद इतका खाल्ला गेला होता की पान नुसत्या बोटाच्या धक्क्याने सुटून आले. आत कोंडलेला दमटपणा बाहेर पडायला मी वाटच ठेवली नव्हती. आता मी पिशवीचे तोंड नुसते दुमडतो, मागे आम्लविरहित पुठ्ठा घालतो, अंक भिंतीपासून दूर उभे ठेवतो आणि सिलिका जेलच्या पुड्या पावसाळ्यात वरचेवर बदलतो. किती छापले या प्रश्नापेक्षा किती टिकले हा प्रश्न मला मोठा वाटू लागला, तो त्या सुटून आलेल्या पानापासून.

आपण सीजीसी या, कॉमिक्सच्या प्रती तपासून त्यांना दर्जा देणाऱ्या संस्थेच्या नोंदींचा दाखला देऊन म्हणता की अमुक अंकाच्या इतक्या प्रतींना दर्जा मिळाला आहे, म्हणजे तेवढ्या तरी चांगल्या प्रती आहेतच. हे बरोबर आहे. मात्र ही संस्था २००० पासूनची आहे आणि तिच्याकडे शुल्क भरून पाठवलेल्याच प्रती मोजल्या जातात. ज्याची किंमत त्या शुल्काइतकीही नाही असा अंक कोणी पाठवत नाही, म्हणून नोंद कमी दिसली तरी अंक विरळ ठरत नाही. माझ्या लेखातला तसा एक निष्कर्ष मी काढून टाकला आहे.

राहिला आपल्या भाच्याचा खर्च. त्याचे मला वाईट वाटते, आणि ‘दुर्मिळ’ या शब्दाने त्याला घाई झाली असेल तर त्यात माझाही वाटा आहे. लेखात आता प्रत्येक अंकापुढे विरळ की दुर्मिळ ते स्पष्ट लिहिले आहे. त्याला सांगा, अंक परत पाठवण्याची मुदत संपण्यापूर्वी तो पिशवीतून काढून मधल्या पानाशी उघडावा आणि दोन्ही पिनांची आतली बाजू उजेडात पाहावी. विक्रेत्याने निर्दोष म्हणून विकलेल्या प्रतीवर तिथे डाग दिसला, तर फोटो काढून पैसे परत मागण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे. फोटो मलाही पाठवा, विक्रेत्याला काय लिहावे ते मी सांगेन.