नास "संपला" नव्हता, त्याचं गणित बीटवर चुकत होतं

हिपहॉपवर गप्पा रंगल्या आणि न्यूयॉर्कच्या रॅपर नासचं नाव निघालं की कुणीतरी हमखास म्हणतंच, इलमॅटिक या पहिल्या अल्बमनंतर काय केलं त्याने? हे वाक्य मला मनापासून खटकतं, आणि आज त्यावर सविस्तर लिहायचंय कारण गेली कित्येक वर्षं मी या माणसाला ऐकतोय, त्याचे वाईट अल्बमसुद्धा पूर्ण ऐकलेत, आणि माझं ठाम मत झालंय की नासचा जो ग्राफ वरखाली होतो तो त्याच्या लिहिण्याचा ग्राफ नाहीच. तो बीटचा, म्हणजे रॅपमागे वाजणाऱ्या संगीताचा ग्राफ आहे. लिहिणं कायम वरच होतं.

आधी इलमॅटिकबद्दल, कारण ते टाळून पुढे जाताच येत नाही. नासिर जोन्स, जन्म 1973, वाढला क्वीन्सब्रिजमध्ये. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातली ही प्रचंड मोठी सरकारी वसाहत, सहा मजली विटांच्या बिल्डिंगा, एका बाजूला ईस्ट रिव्हर. मार्ली मार्ल, एमसी शॅन, नंतर मॉब डीप सगळे इथलेच, त्यामुळे रॅप त्याला घराबाहेर पाय टाकला की ऐकू यायचं. घरात वडील ओलू दारा, जॅझ आणि ब्लूज वाजवणारे. पोराने आठवीनंतर शाळा सोडली पण वाचन सोडलं नाही. 1992 मध्ये त्याचा जिवलग मित्र इल विल गोळी लागून गेला, त्याच रात्री नासचा भाऊ जंगल पण जखमी झाला. आणि दोन वर्षांनी, एप्रिल 1994 मध्ये, वीस वर्षांचा असताना त्याने चाळीस मिनिटांचा अल्बम काढला ज्यात एक शब्द इकडचा तिकडे करावा असं वाटत नाही. द सोर्स या हिपहॉप मॅगझिनने पाचपैकी पाच माइक (त्यांचे स्टार) दिले, नव्या पोराला असं क्वचितच मिळायचं तेव्हा. विक्री मात्र सुरुवातीला बेताचीच, प्लॅटिनम (दहा लाख कॉप्या) व्हायला 2001 उजाडलं.

आता इथे एक गोष्ट नीट बघा. तेव्हा बहुतेक रॅप अल्बम एकाच प्रोड्युसरच्या (बीट बनवणाऱ्याच्या) किंवा एकाच ग्रुपच्या हातून बनायचे. इलमॅटिकमध्ये डीजे प्रीमियर, पीट रॉक, लार्ज प्रोफेसर, क्यू-टिप, एल.ई.एस. असे एकाहून एक लोक एकत्र आले, आणि तरी अल्बम एकसंध वाटतो कारण ही सगळी मंडळी न्यूयॉर्कच्याच रॅप वर्तुळातली, एकाच कानाची. पुढे सगळ्यांनी याचा अर्थ असा घेतला की भारी भारी प्रोड्युसर जमवा म्हणजे अल्बम भारी होतो. खुद्द नासनेही तोच अर्थ घेतला आणि मला वाटतं पुढची वीस वर्षं त्याने याचीच किंमत मोजली.

1996 चा इट वॉज रिटन नंबर वन झाला, लॉरिन हिलसोबतचं गाणं रेडिओवर सगळीकडे वाजलं, मिलियनमध्ये कॉप्या गेल्या, आणि तेच लोक ज्यांनी इलमॅटिक विकत घेतला नव्हता ते बोंबलायला लागले की नास विकला गेला. मला तो अल्बम फार आवडतो. मग द फर्म नावाचा सुपरग्रुप, सोबत डॉ. ड्रे, तोही नंबर वन, पण ऐकायला अगदीच सपक.

खरं घसरणं आलं 1999 ला. आणि हे लोकांना माहीतच नसतं म्हणून इथे जरा थांबतो. नासचा आय ॲम हा मुळात डबल अल्बम व्हायचा होता, एका माणसाचा जन्मापासूनचा प्रवास असा काहीसा मोठा बेत होता. रिलीजच्या आधीच गाणी एमपीथ्री होऊन इंटरनेटवर फुटली. लीक म्हणजे काय हे तेव्हा लेबलवाल्यांनाही धड कळत नव्हतं, एवढ्या मोठ्या रॅप अल्बमचं असं होण्याची ती अगदी सुरुवातीची वेळ. मग घाईघाईत गाणी काढली, नवी घातली, डबलचा साधा एकच केला आणि एप्रिलमध्ये अल्बम आला. उरलेला माल वर्षअखेरीस काढायचं ठरत होतं पण तोही बाहेर चोरट्या कॉप्या (बूटलेग) होऊन फिरत होता, तारीख तर ठरलेली, म्हणून पुन्हा नवीन गाणी रेकॉर्ड केली आणि नोव्हेंबरमध्ये नास्त्राडेमस आला. समीक्षकांनी धुतला. बरोबरच धुतला, बीट्स ढिसाळ आहेत, सगळ्यात घाई ऐकू येते. पण गंमत पुढे आहे, फुटलेल्या आणि बाजूला पडलेल्या त्या काळातल्या गाण्यांमधली काही 2002 मध्ये द लॉस्ट टेप्स नावाने आली, जाहिरात नाही, मोठे पाहुणे नाहीत, आणि लोक म्हणाले अरे हा तर इलमॅटिकच्या तोडीचा नास आहे! म्हणजे ज्या वर्षी जग म्हणत होतं की याची शाई संपली त्या वर्षी हा माणूस ही गाणी लिहून बसला होता. ज्यांना वाटतं तो संपला होता त्यांनी हा एक अल्बम शांतपणे ऐकावा, माझं बाकी काही म्हणणं नाही.

2001 चं रॅपर जे-झीशी झालेल्या भांडणाचं प्रकरण सगळ्यांना पाठ आहे म्हणून थोडक्यात. 11 सप्टेंबर 2001 ला, हो त्याच दिवशी, जे-झीचा द ब्लूप्रिंट आला आणि त्यात टेकओव्हर हे नासवर तुटून पडणारं गाणं, की दहा वर्षांत एक चांगला अल्बम ही तुझी सरासरी. डिसेंबरमध्ये नासचा स्टिलमॅटिक आला, त्यात इथर हे उत्तराचं गाणं. न्यूयॉर्कच्या रेडिओवर श्रोत्यांनी मत दिलं, नास जिंकला. पण माझं मत लोकांना आवडणार नाही ते सांगतो, गाणं म्हणून टेकओव्हर इथरपेक्षा चांगलं आहे. इथरची बीट सामान्य आहे, नास नुसत्या रागावर आणि शब्दांवर ते ओढून नेतो. पुन्हा तोच मुद्दा.

त्यानंतर 2002 मध्ये आई कॅन्सरने गेली, गॉड्स सन या अल्बममध्ये तिच्यासाठी जे गाणं आहे ते मी फार वेळा ऐकू शकत नाही. 2005 मध्ये जे-झीच्याच कॉन्सर्टमध्ये दोघे एका स्टेजवर आले आणि 2006 मध्ये नास चक्क डेफ जॅम या लेबलकडे, जिथे तेव्हा प्रेसिडेंट जे-झी! हिप हॉप इज डेड नंबर वन झाला. 2008 चा अल्बमही नंबर वन, ज्याच्या नावावरून इतका गदारोळ झाला की शेवटी तो नावाशिवायच काढावा लागला. चार्टवर वर आणि गाडीत लावायला मात्र त्यातली दोन-तीनच गाणी, असे ते दिवस. घरात घटस्फोट, वर लाखो डॉलरचा थकलेला टॅक्स.

मग 2012, लाईफ इज गुड, कव्हरवर मांडीवर घटस्फोट झालेली बायको, गायिका केलिस, तिचा हिरवा लग्नाचा ड्रेस. सुंदर अल्बम. आणि का सुंदर? बरीचशी गाणी सलाम रेमी आणि नो आय.डी. या दोघांकडे होती. पसारा कमी झाला की नास लगेच उभा राहतो. कसलेल्या गवयाला प्रत्येक बंदिशीला नवा तबलजी दिलात तर मैफल कशी जमेल हो.

केलिसचं नाव आलंच आहे तर हेही लिहायला हवं. 2018 मध्ये तिने एका मुलाखतीत लग्नात मारहाण आणि मानसिक छळ झाल्याचं सांगितलं, नासने नंतर आरोप नाकारले. मी फॅन आहे म्हणून हे गाळणार नाही, आणि त्या वर्षीचा नासिर हा अल्बम ऐकताना ते डोक्यात होतंच. तसाही तो अल्बम कच्चा आहे. कुणी म्हणेल तिथे तर एकटा कान्ये प्रोड्युसर होता, मग तुझी थिअरी? पण कान्येने त्या उन्हाळ्यात पाच आठवड्यांत पाच अल्बम काढले, त्यातला हा एक. नुसता एक प्रोड्युसर असून भागत नाही, त्याने तुमच्यासोबत बसायला पाहिजे.

आणि असा बसणारा माणूस मिळाला 2020 मध्ये, प्रोड्युसर हिट-बॉय. नासपेक्षा जवळजवळ चौदा वर्षांनी लहान, कॅलिफोर्नियाचा. किंग्ज डिसीज आला आणि मार्च 2021 मध्ये नासला पहिली ग्रॅमी मिळाली. पहिली! वयाच्या 47 व्या वर्षी, तोवर नॉमिनेशनं ढीगभर आणि हातात एकही नाही. मग किंग्ज डिसीजचे आणखी दोन आणि मॅजिकचे तीन भाग, शेवटचा 14 सप्टेंबर 2023 ला, त्याच्या पन्नासाव्या वाढदिवशी. तीन वर्षांच्या आसपास सहा अल्बम, तेही एकाच जोडीचे. रॅपमध्ये तिशी ओलांडली की म्हातारा म्हणतात आणि हा पन्नाशीला करियरमधला सगळ्यात सातत्याचा काळ जगला.

यात पैशाचाही वाटा आहे असं मला वाटतं. तोवर त्याने कॉइनबेस, रिंग अशा कंपन्यांत सुरुवातीलाच गुंतवणूक केलेली, मास अपील हे स्वतःचं लेबल, त्यामुळे रेडिओसाठी हिट द्या म्हणणारं डोक्यावर कुणी नाही. हेच मास अपील 2019 मध्ये भारतात आलं आणि त्यांनी पहिला साइन केला आपला अंधेरीचा रॅपर डिव्हाइन. गली बॉयच्या एक्झिक्युटिव्ह प्रोड्युसरमध्येही नासचं नाव आहे, आपल्याकडच्या बऱ्याच पोरांनी हे नाव पहिल्यांदा तिथेच वाचलं असणार.

तर अशा पोरांनो, इलमॅटिक ऐकाच, पण तिथे थांबू नका. त्यानंतर लॉस्ट टेप्स, मग लाईफ इज गुड, मग थेट किंग्ज डिसीज 3, ज्यात एकही पाहुणा रॅपर नाही, पूर्ण अल्बम तो एकटा ओढतो. माझ्यासाठी इलमॅटिकनंतरचा त्याचा सगळ्यात चांगला अल्बम तोच. स्टिलमॅटिकवाले येतीलच भांडायला, या.