'गोणपाट गुंडाळलं की कुठलाही गुलाब जगतो' या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

कॅनडातल्या ओटावा शहरातल्या वेली गुलाबांवरचा माझा लेख तुम्हाला पटला नाही आणि का पटला नाही तेही तुम्ही मोकळेपणाने लिहिलंत, म्हणून मीही सविस्तर लिहिते. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: 'न्यू डॉन'सारख्या देखण्या वेली गुलाबाला मी उगाच बाद केलं, टोरोंटोजवळच्या मिसिसागात तुमच्या बहिणीकडे तो गॅलरीपर्यंत चढलाय, मी सुचवलेल्या 'विल्यम बॅफिन' या वेली गुलाबाला ना वास ना रूप, आणि आपल्याकडे दसऱ्यानंतर करतात तशी छाटणी करून वर गोणपाट गुंडाळलं की कुठलाही गुलाब जगतो. मी नवख्यांना घाबरवते, असंही तुम्ही म्हणता.

जगतो, हे मलाही मान्य आहे. पण वेली गुलाब नुसता जगून भागत नाही. झुडपी गुलाब थंडीत जमिनीपर्यंत जळाला तरी वसंतात बुडातून फुटतो आणि बरेचसे प्रकार त्याच उन्हाळ्यात फुलतातही. वेलीचा जूनमधला मोठा बहर येतो तो गेल्या वर्षीच्या लांब फांद्यांवर फुटलेल्या आखूड कोंबांवर. त्या फांद्याच मेल्या, तर मुळं कितीही धडधाकट असोत, वेल दर मे महिन्यात पुन्हा जमिनीपासून सुरुवात करणार आणि कमान रिकामीच राहणार. रोपाच्या चिठ्ठीवर 'झोन ५' छापलेलं असतं (झोन म्हणजे हिवाळ्यातल्या थंडीनुसार प्रदेशांना दिलेला क्रमांक, आकडा जितका लहान तितकी थंडी कडक), ते रोप तगण्याबद्दल. दोन-अडीच मीटर उंचीवरची फांदी तगेल, असं त्यात कुणी म्हटलेलं नसतं. मिसिसागाला ऑन्टारिओ सरोवराचा शेजार आहे, तिथला हिवाळा आमच्यापेक्षा बराच सौम्य. तुमच्या बहिणीची वेल सुरेख असणारच, पण तिच्यावरून ओटावाचा हिशेब मांडता येत नाही.

आता गोणपाट. फांदी स्वतः उष्णता तयार करत नाही, त्यामुळे गोणपाटाच्या आत कोंडून ठेवावी अशी ऊबच नसते. बाहेर रात्रभर उणे २८ असेल, तर सकाळपर्यंत आतही जवळपास तेवढंच. गोणपाट अडवतं ते वारा आणि ऊन, आणि हे कामही मोलाचं आहे. आमच्याकडे पुष्कळ फांद्या जानेवारीत नव्हे, तर फेब्रुवारी-मार्चमध्ये जातात. दक्षिणेकडच्या विटांच्या भिंतीला टेकलेली फांदी दुपारच्या उन्हात तापते, तिच्या पेशी जाग्या होतात आणि त्याच रात्री पुन्हा उणे १५. शिवाय जमीन गोठलेली असल्याने मुळांना पाणी ओढता येत नाही आणि कोरडा वारा फांदीतलं उरलंसुरलं पाणी पळवतो. एप्रिलअखेर अशी फांदी बाहेरून हिरवट दिसते, आपल्याला वाटतं वाचली. कात्रीने टोक छाटून गाभा बघा. पांढरा किंवा पांढरट हिरवा असेल तर जिवंत. चहाच्या चोथ्यासारखा तपकिरी असेल तर थोडं खाली कापा, पुन्हा बघा, पांढरा गाभा लागेपर्यंत खाली जात राहा. ओटावातल्या 'न्यू डॉन'मध्ये हे कापणं फार वेळा बर्फाच्या रेषेपर्यंत येऊन थांबतं, कारण बर्फाखाली होतं तेवढंच वाचलेलं असतं.

दसऱ्यानंतरच्या छाटणीबद्दल मात्र मी ठाम आहे. महाराष्ट्रात ती बरोबर, कारण पाऊस संपलेला असतो आणि पुढचे चार महिने गुलाबाच्या सुगीचे. इथे ऑक्टोबर म्हणजे झाड झोपायला निघण्याचा महिना. तेव्हा लांब फांद्या कापल्या की पुढच्या जूनची फुलंच कापली. छाटणी वसंतात, फांदीवरचे डोळे (कोंब फुटायच्या जागा) फुगू लागले की. ऑगस्टच्या मध्यानंतर नत्राचं खतही नको. त्याने कोवळी फूट येते आणि ती पिकायच्या आत थंडीत सापडते.

'बॅफिन'च्या वासाबद्दल तुमचं बरोबर आहे, तो जवळजवळ नाहीच. पण त्याला 'रूप नाही' म्हणालात ते मला लागलं. हा गुलाब आमच्याच गावचा आहे. इथल्या सेंट्रल एक्स्पेरिमेंटल फार्म या सरकारी संशोधन-शेतावर फेलिसिटास स्वेज्डा या शास्त्रज्ञ बाईंनी १९६१ साली थंडीतले गुलाब घडवायला सुरुवात केली. जर्मनीतले गुलाब-पैदासकार कोर्डेस यांच्याकडे 'मॅक्स ग्राफ' या जवळपास वांझ गुलाबापासून एक रोप आपसूक निपजलं होतं, त्यात गुणसूत्रं दुप्पट झालेली, म्हणून ते फळणारं. त्या 'कोर्डेसी'चा बाईंनी पुढच्या संकरांत वापर केला. त्यातून १९७८ साली 'जॉन कॅबट' आला, १९८३ साली 'विल्यम बॅफिन'. बॅफिनच्या फांद्या आच्छादनाशिवाय, कमानीवर उभ्या, झोन ३ची थंडी सोसतात. जूनअखेरीस अशी एक वेल नखशिखांत गुलाबी झालेली बघा आणि मग रूपाबद्दल बोलू. वासच हवा असेल तर 'जॉन डेव्हिस' लावा. सौम्य, मसाल्यासारखा वास आहे आणि फांद्या लवचिक असल्याने कुंपणावर आडव्या बांधायला सोप्या. आडवी बांधलेली फांदी डोळ्याडोळ्याला फुटते, उभी फक्त शेंड्याला, हे तर तुम्ही आपल्याकडेही पाहिलं असेल.

आणि तरीही 'न्यू डॉन'च हवा असेल तर लावा, मी अडवत नाही. फक्त गोणपाटाच्या भरवशावर राहू नका. नोव्हेंबरच्या सुरुवातीला, जमीन कडक व्हायच्या आत फांद्या सोडवा, बुडाशी हलक्या हाताने वाकवून जमिनीवर आडव्या करा, आकड्यांनी दाबा, वर माती आणि वाळल्या पानांचा जाड थर. अमेरिकेतल्या थंड मिनेसोटा राज्यातले गुलाबवाले वर्षानुवर्षं गुलाब असेच जमिनीत निजवतात. एप्रिलमध्ये पुन्हा उभं करायचं. दरवर्षी. फांद्या जुन्या, कडक झाल्या की वाकताना मोडतात, म्हणून पहिल्या वर्षापासून सवय लावा.

रोप घेताना ते स्वतःच्या मुळांवरचं आहे की डोळा भरलेलं, म्हणजे दुसऱ्या गुलाबाच्या मुळांवर (खुंटावर) कलम केलेलं, हे विचारून घ्या. डोळा भरलेलं असेल तर कलमाचा सांधा जमिनीच्या १० ते १५ सेंटिमीटर खाली गाडा. भारतात आपण तो वर ठेवतो, इथे उघडा राहिला तर थंडीत वरचा गुलाब मरतो आणि खालचा खुंट फुटून येतो. मग गुलाबी वेलीला एका जूनमध्ये अचानक गडद लाल फुलं लागतात आणि लोक म्हणतात, गुलाबाने रंग बदलला. तो 'डॉक्टर ह्यूई' नावाचा खुंट असतो.

तुम्ही कुंपण कुठल्या बाजूचं ते लिहिलं नाहीत. पूर्वेचं असेल तर उत्तम. दक्षिणेचं असेल तर भिंतीपासून हातभर पुढे जाळी उभारा, आणि बुडाभोवती बारीक तारेची जाळी आत्ताच लावून ठेवा, कारण हिवाळ्यात ससे साल कुरतडतात.