भाऊजी, पब आणि अडीचशे वर्षे

इंग्लंडातल्या खेड्यातल्या पबमध्ये उपाशीपोटी जाऊ नये, कारण तिथे जेवणाआधी इतिहास वाढला जातो. त्यातून सोबत थोरल्या बहिणीचे यजमान असतील, तर जावयाला मध्येच तोडायचे नाही हा घराण्याचा संस्कार पोटातल्या कावळ्यांनाही पाळावा लागतो.

बर्कशायरमधल्या ऑल्डवर्थ गावातला ‘बेल इन’ भाऊजींनी मुद्दाम निवडला होता. एरवी जुन्या पबचे मालक इतके बदललेले असतात की त्यांची यादी सांगता सांगता बिअर कोमट होते. इथे मात्र अडीचशेहून अधिक वर्षे, म्हणजे पुण्यात पेशवे नांदत होते तेव्हापासून, एकच घराणे पब चालवत आले आहे. इतिहास एका वाक्यात आटोपेल म्हणून मी सुखावलो. पण या घराण्याने काय काय बदलले नाही, हे सांगायलाच भाऊजींना सर्वाधिक वेळ लागला. शिवाय मोबाइलला बंदी असल्यामुळे, फोन आल्याचे निमित्त करून उठण्याचा आपला राजमार्गही बंद होता. अस्सल बिअरचा कैवार घेणाऱ्या ‘कॅम्रा’ या संघटनेने १९९० मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये याला देशातला सर्वोत्तम पब ठरवले, हे तर त्यांनी दोन्ही वेळा परीक्षक स्वतःच असल्याच्या थाटात सांगितले.

मग पहिले महायुद्ध सुरू झाले. दारूगोळ्याच्या कारखान्यांतले कामगार शुद्धीत राहावेत म्हणून सरकारने पब दुपारी बंद ठेवायला लावले. युद्ध १९१८ मध्ये संपले, पण ती सक्ती उठायला १९८८ उजाडले. खेड्यातल्या कित्येक पबमालकांनी दुपारची ती विश्रांती त्यानंतरही सोडलेली नाही. पुण्याच्या दुकानदारांशी त्यांचे गोत्र जुळत असावे. मी घाबरून घड्याळाकडे पाहिले. तिथल्या पुरातन घड्याळाला एकच काटा आहे, तासाचा, आणि तो दोन व तीन यांच्यामध्ये कुठेतरी निवांत उभा होता.

“भाऊजी, आधी काही मागवू या का?” मी धीर करून विचारले.

“अरे, इथे वेटर येत नाही. त्या खिडकीशी जाऊन मागावे लागते,” ही एकमेव उपयुक्त माहिती त्यांनी तेव्हा दिली.

ताई केव्हाच उठून त्या काचेच्या खिडकीशी पोहोचली होती. अनुभवी बाई ती! तिने आणलेल्या गरम, भरलेल्या पावांचा पहिला घास घेऊन भाऊजींनी बाहेर बोट दाखवले. तिथे गावची जुनी विहीर आहे, ती इंग्लंडातल्या अतिशय खोल विहिरींपैकी एक आहे, आणि तिचा इतिहास, ते म्हणाले, तळापासूनच सांगायला हवा.