फुगा खोटा की उपग्रह?

'हवामान खातेवाल्यांनो, आकाशात इन्सॅट हा हवामानाचा उपग्रह असताना सांताक्रूझहून रोज मोजणीची यंत्रं बांधलेले फुगे कशाला उडवता? वर दोघांचे तापमान-आर्द्रतेचे आकडेही जुळत नाहीत. फुगा स्वतः हवेत जातो, म्हणजे खोटा उपग्रहच.' आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर हा फॉरवर्ड आठवड्यात तिसऱ्यांदा आला, तेव्हा मात्र राहवलं नाही.

आकडे जुळत नाहीत, हे खरं. पण ते जुळावेत तरी कसे? जुलैतला एक फुगा घ्या. पहाटे साडेपाचच्या निरीक्षणासाठी सोडलेला. सेकंदाला साधारण पाच मीटर चढतो. खाली पश्चिमेचा वारा त्याला ठाण्याच्या दिशेने ढकलतो, सहा-सात किलोमीटरच्या वर पूर्वेचा वारा लागला की स्वारी परत समुद्राकडे. तीस किलोमीटरच्या आसपास फुटेपर्यंत दीड तास सहज जातो. म्हणजे त्याने मोजलेली हवा एका जागची नाही आणि एका वेळची तर नाहीच. उपग्रह मात्र कित्येक किलोमीटर रुंद पट्ट्याची सरासरी क्षणात टिपतो.

त्यातही उपग्रह तापमान थेट मोजत नाहीच. इन्सॅट-३डी मालिकेतल्या (पहिला २०१३ साली गेला) उपग्रहांवरचं साउंडर नावाचं यंत्र हवेतून येणारे अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे किरण पकडतं आणि त्यावरून कुठल्या उंचीवर किती तापमान असेल याचं गणित मांडलं जातं. दाट ढग आला की त्याखालचं त्याला दिसत नाही. मुंबईच्या पावसाळ्यात म्हणजे बऱ्याचदा नाहीच.

म्हणून पडताळणी करणारे आधी फुग्याच्या आणि उपग्रहाच्या मोजण्यांच्या जवळच्या वेळेच्या, जवळच्या जागेच्या जोड्या लावतात, ढगाळ जोड्या बाजूला काढतात. मग एखाद-दुसऱ्या फरकाकडे बघत नाहीत. शेकडो जोड्यांत उपग्रह एकाच उंचीवर फुग्यापेक्षा सतत गरम दाखवतोय का, हे शोधतात. तसं असेल तर ती चूक गणितात दुरुस्त करता येते. फुगे बंद केले तर ती कळणार कुठून?

'फुगा स्वतः जातो म्हणून खरा', हेही अर्धवट. उन्हात त्याचा आर्द्रतामापक तापतो आणि हवा आहे त्यापेक्षा कोरडी दाखवतो. वरच्या गारठ्यात तो मंदावतो, ते वेगळंच.

आणि ज्याला खोटा म्हणताय तो उपग्रह बंद केलात, तर भर अरबी समुद्रावर रोज फुगे सोडायला कोण जाणार आहे?