जंत उंदरात वाढत नाहीत, म्हणून जंतनाशके खोटी?

‘माणसाच्या आतड्यातील जंत उंदराच्या पोटात वाढतच नाहीत, म्हणून प्राण्यांवर तपासलेल्या जंतनाशकांना अर्थ नाही, आणि आता हे काम काचपात्रातही भागते,’ असा मजकूर सध्या बराच फिरतो आहे.

यातले पहिले विधान अर्धे खरे आहे. नेकेटर अमेरिकॅनस या अंकुशकृमीच्या अळ्या त्वचेतून शिरतात आणि फुप्फुसांवाटे लहान आतड्यात पोहोचतात. हा प्रवास बहुतेक प्रयोगशाळेतील प्राण्यांत अर्ध्यावरच थांबतो. मात्र ‘बहुतेक’ म्हणजे ‘सर्व’ नव्हे. मुंबईत गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रातील सेन आणि सेठ यांनी 1967 मध्ये सोनेरी हॅमस्टर या उंदरासारख्या छोट्या प्राण्यात या कृमीची पूर्ण वाढ झाल्याचे दाखवले. माणसालाही बाधणारा अँकिलोस्टोमा सेलॅनिकम हा त्याचा नातलग तर हॅमस्टरमध्ये सहज वाढतो. म्हणजे प्रश्न कोणता कृमी, कोणता प्राणी आणि प्राण्याचे वय किती, असा विचारायला हवा.

दुसरे विधान सरळ चुकीचे आहे. आयव्हरमेक्टिन या जंतनाशकाचा मूळ पदार्थ सापडला तो उंदरांच्याच एका कृमीवरील चाचणीत: सातोशी ओमुरा यांनी जपानी मातीतून वेगळा केलेला जीवाणू विल्यम कॅम्पबेल यांच्या चमूने अमेरिकेत हेलिग्मोसोमॉइडिस या कृमीची लागण झालेल्या उंदरांवर तपासला, आणि त्यातून आलेले औषध पुढे माणसांतील स्ट्राँगिलॉइडिस या आतड्यातील कृमीवर उपयोगी ठरले (दोघांना 2015 चे नोबेल मिळाले). हेच औषध माणसातील अंकुशकृमींवर मात्र फारसे चालत नाही, हेही सांगितलेच पाहिजे. उंदरातील यशावरून प्रत्येक जंताविषयी भाकीत करता येत नाही.

प्राण्यांनी संशोधकांना चकवल्याचेही उदाहरण आहे. स्ट्यूअर्ट यांना 1916 मध्ये उंदरांच्या फुप्फुसांत ॲस्करिस या माणसाच्या आतड्यातील गोल जंताच्या अळ्या दिसल्या, आणि उंदीर हाच मधला आश्रयदाता (माणसात येण्याआधी जंत ज्याच्यात वाढतो तो प्राणी) असावा असा तर्क त्यांनी केला. तो तर्क चुकला: 1922 मध्ये कोइनो या संशोधकांनी स्वतःच ॲस्करिसची अंडी गिळली, तेव्हा अळ्या त्यांच्याच थुंकीत सापडल्या. चूक निष्कर्षाची होती, उंदराने दाखवलेला फुप्फुसांचा मार्ग खराच निघाला.

उरले काचपात्र. तेथे औषधाने कृमी मरतो का, एवढे दिसते; तोंडावाटे दिलेले औषध आतड्याच्या अस्तराला चिकटून रक्त पिणाऱ्या कृमीपर्यंत पुरेशा मात्रेत पोहोचते का, हे दिसत नाही. स्वयंसेवकांना मोजक्या अळ्यांची लागण करून अभ्यास होतात, पण उपचारानंतर आतड्यात किती कृमी उरले हे मोजायला त्यांचे पोट उघडता येत नाही.